दोनवर क्लच

“मामा, मान हलवू नका. नुसत्या डोळ्यांनी बघा.”

“डोळ्यांनीच बघतोय की.”

“बघताय डोळ्यांनी, पण मानेनं मोजताय. परत एकदा. हा पहिला ठिपका.”

सन्मतीनं पाच काळे ठिपके काढलेला पुठ्ठा माझ्या तोंडासमोर धरला होता आणि मी माझ्या रिक्षात, ड्रायव्हरच्या सीटवर, हळद लागलेल्या नवऱ्यासारखा ताठ बसलो होतो. नाकावर चष्मा. काचा साध्याच, पण मधोमध शेंगदाण्याएवढा कॅमेरा बसवलेला आणि दांडीतनं निघालेली वायर मानेमागनं कमरेच्या पाकिटात गेलेली. तेली विहीर चौकातल्या आमच्या स्टँडवरची झाडून सगळी माणसं धंदा सोडून भोवती गोळा झाली होती.

“सर्ज्या, आता पिच्चरमध्ये जातोस बघ तू,” बंडा म्हणाला. बंडा स्टँडचा सेक्रेटरी. त्यानं तोंड उघडलं की चौकाच्या पलीकडं ऐकू जायचं. “म्हशीचा रोल रिकामा हाय म्हणं.”

“तू सोडलास म्हणून रिकामा झाला,” मी म्हटलं. सगळे हसले. सन्मतीही हसली, आणि पुठ्ठा हलला म्हणून परत पहिल्यापासनं सगळं करावं लागलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चौकातल्या सिग्नलला तेव्हा नुकतेच आकडे लागले होते. लाल लागला की नव्वदपासनं उलटे मोजत यायचे. लोकांना काय त्याचं कौतुक! सन्मती मगदूम ही इंजिनिअरिंग कॉलेजात त्याच्यावरच अभ्यास करत होती. माणूस सिग्नलला थांबला की बघतो कुठं, आकडा असलेल्या चौकात कुठं आणि नसलेल्या चौकात कुठं, एवढंच तिला शोधायचं होतं.

“बाहेरचा कॅमेरा रस्ता बघतो, आतला तुमचं बुबुळ बघतो,” तिनं मला समजावलं. “मग चित्रात एक लाल ठिपका येतो. ठिपका जिथं, तिथं तुमची नजर.”

दुसऱ्या कुणाला मी असलं काही नाकावर चढवू दिलं नसतं. पण सन्मती म्हणजे सनू. पहिली ते सहावी मी तिला माझ्या रिक्षातनं शाळेला नेलेलं. पुढच्या सीटवर माझ्या मांडीला टेकून झोपायची. डब्यातली पोळी मला द्यायची आणि आईला सांगायची, मीच खाल्ली. ती पोर आता कागद पुढं करून म्हणत होती, “मामा, इथं सही करा. तुमचं नाव कुठंही येणार नाही. तुम्ही चालक क्रमांक सात. फीत मी आणि माझे सर सोडून कुणी बघणार नाही. वाचून घ्या.”

“सहा वर्षं तुझं नाक पुसलंय मी. आता कागद वाचत बसू व्हय?”

मी सही केली. एकवीस वर्षं माझ्या बिल्ल्याला डाग नव्हता. साधा आरसा फुटला नव्हता कुणाचा माझ्या हातनं. माझी नजर कुणी तपासणार असेल तर तपासू दे की, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा माजच होता.

आता आमच्या स्टँडची एक रीत सांगायला पाहिजे. आकडे लागल्यापासनं आम्ही लाल दिव्याला इंजिन बंद करायचो. पेट्रोल वाचतं. मग पाचवर हँडल घट्ट धरायचं, तीनवर स्टार्टर, दोनवर क्लच सोडायचा, आणि हिरवा पडेपर्यंत रिक्षा चौकाच्या मध्यावर. दोघं-तिघं एकाच लाल दिव्याला सापडलो की जो मागं राहील त्यानं चहा पाजायचा. सहा महिन्यांत मी एकदाही चहा पाजला नव्हता. “सर्ज्याचं दोन म्हणजे दोन,” असं बंडा नव्या पोरांना सांगायचा. रिक्षाचं टप खालपर्यंत आलेलं असतं, त्यामुळं पुढच्या ओळीत उभं राहिलं की समोरच्या खांबावरचा आकडा सरळ दिसत नाही. थोडं वाकून, काचेच्या वरच्या कडेतनं बघायला लागतं.

आणि दुसरी गोष्ट तानाक्का.

तानाक्का चौकात उकडलेल्या शेंगा विकायची. तेरा वर्षं. लाल लागला की कमरेवर टोपली घेऊन गाड्यांमधनं फिरायची, शेंगा भरलेले कागदाचे कोन काचेतनं आत द्यायची, आणि सिग्नल सुटायच्या आत दुभाजकावर चढायची. तिला सख्खा भाऊ नव्हता. एका भाऊबीजेला ती ताम्हण घेऊन थेट स्टँडवर आली आणि म्हणाली, “बस रं सर्जा, तुला ओवाळते.” तेव्हापासनं दरवर्षी मी रिक्षाच्या मागच्या सीटवर बसायचो आणि ती ओवाळायची. स्टँडवरचे चेष्टा करायचे. मी मनावर घ्यायचो नाही.

आकडे लागले तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “आक्का, तुझं बरं झालं. आता मोजून मापून फिर.”

“मी कशाला आकडा बघू?” ती म्हणाली. “माझी पाठ आसती तिकडं. मी तुमची तोंडं बघते. सुटायला आलं की तुमच्या तोंडावर कळतंय.”

आणि शेवटी पलीकडं जाताना ती नेहमी माझ्याच रिक्षापुढनं जायची. बाकीचे घालतील अंगावर, सर्जा थांबतो, हा तिचा हिशेब. मी थांबायचोही. मानेनं ‘जा’ म्हणायचो, ती जायची.

चष्म्याचा पाचवा दिवस. दुपारचे चार वाजले असतील. मी पुढच्या ओळीत, डावीकडं एसटी, उजवीकडं दुभाजक. रिक्षात गिऱ्हाईक नाही. मागनं बंडानं हॉर्न मारून दात काढले, म्हणजे चहाची पैज लागली. एवढं मला आठवतं. पुढचं जे आठवतं ते असं: मी सरळ समोर बघत होतो. रस्ता मोकळा होता. हिरवा पडता पडता मी रिक्षा सोडली आणि तानाक्का एसटीच्या आडनं एकदम झेप घेतल्यासारखी पुढ्यात आली. मी शपथेवर हेच सांगितलं असतं. सांगितलंच.

पुढचं चाक तिच्या नडगीवरनं गेलं. शेंगा सगळ्या चौकभर. मी आणि बंडानं तिला उचलून माझ्याच रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत ती ओरडली नाही, रडली नाही. एकदाच बोलली.

“का रं, सर्जा?”

“आक्का, तू आडवी आलीस गं! मी काय करू?”

तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात मी बाकावर बसलो होतो तेव्हा सन्मती धापा टाकत आली. चष्मा अजून माझ्या खिशातच होता. कमरेचं पाकीट सोडून मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “सनू, जिवापाड जप. माझा साक्षीदार हाय ह्यात.”

ती “हो मामा” म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी फौजदार इंगळेबाईंनी मला आत बोलावलं. बाई सरळ होत्या, पण चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही.

“पवार, तानुबाईंचा जबाब घेतलाय. त्या म्हणतात, तुम्ही त्यांच्याकडं बघत होतात. मान हलवून त्यांना ‘जा’ म्हणालात. त्या निघाल्या, आणि मग तुम्ही गाडी घातलीत.”

बाईंनी जबाबाचं पान उलटलं.

“आठवड्यापूर्वी तुमचं भांडण झालं होतं का?”

झालं होतं. ती स्टँडच्या सावलीत शेगडी मांडायची. गिऱ्हाईकाला बसता येईना म्हणून मी जरा जोरानं बोललो होतो. भावाबहिणीत होतं तेवढंच. पण आता ते कागदावर आलं होतं.

“बघून घातली असं ठरलं तर हा साधा अपघात राहत नाही, पवार. तुम्ही आत जाल आणि बिल्ला कायमचा जाईल. विचार करा, काय पुरावा असेल तर आणा.”

बाहेर आलो आणि पायरीवरच बसलो. घाव अंगावर घेतला असता, पण हे? जिनं मला दहा वर्षं ओवाळलं ती म्हणते मी मान हलवून तिला चाकाखाली बोलावलं! मी कशाला मान हलवीन? माझं लक्ष रस्त्यावर होतं! बंडा म्हणाला, “कुणीतरी शिकवलंय तिला. भरपाईला हपापलीत माणसं.” मला ते खरं वाटलं. मी स्टँडवर उभं राहून म्हटलं, “तानाक्का खोटं बोलती. साफ खोटं.” दुसऱ्या दिवसापासनं स्टँडवरचा एक माणूस तिला बघायला दवाखान्यात गेला नाही. तेरा वर्षं जिच्या शेंगा खाल्ल्या तिला. ते मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही.

मला एकच आशा होती. फीत. मी कॉलेजात गेलो. सन्मती तिच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसली होती. मला बघितल्याबरोबर तिनं पडद्यावरचं बंद केलं.

“सनू, फीत दे. फौजदारबाईंना दाखवतो. विषय संपला.”

“मामा, बसा. पाणी घ्या.”

“पाणी नको. फीत दे.”

“मामा, त्या दिवसाची फीत नीट आलेली नाही.”

“म्हणजे?”

“वापरण्यासारखी नाही.” मग घाईघाईनं म्हणाली, “पण मी लिहून देते. कॉलेजच्या कागदावर. तुम्ही तिला मुद्दाम धडक दिली नाही, तुम्ही तिला बघितलंच नव्हतं, असं लिहून देते. फौजदारबाईंना एकटीनं भेटते मी. तेवढं पुरेल.”

“बघितलंच नव्हतं? आंधळा हाय मी?” माझा आवाज चढला. “एकवीस वर्षं गाडी चालवतोय. मी समोर बघत होतो आणि ती आडवी आली. फितीत तेच असणार. ते दाखव म्हणतोय, तर तू मला आंधळा ठरवतीस?”

“मामा, माझ्यावर विश्वास ठेवा.”

“विश्वास ठेवला म्हणून तर तुझं हे जोखड नाकावर घातलं!”

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. जिन्यात तिचे सर भेटले, हेरवाडे सर. मी त्यांना विचारलं, “सात नंबरची फीत खराब झाली का हो?” ते म्हणाले, “छे, सगळ्या फिती उत्तम आल्यात. सात नंबरची तर अगदी स्वच्छ.” आणि बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला.

म्हणजे पोरगी माझ्याशी खोटं बोलली. माझा जीव टांगणीला लागलेला, पुरावा हिच्या कपाटात, आणि ही दडवून बसली. का? तर हिच्या अभ्यासाला पोलिसांची कटकट नको. मी मालनला, माझ्या बायकोला, हे सांगताना अक्षरशः रडलो. तानाक्कानं दगा दिला तो दिला, पण ह्या पोरीनं? मांडीवर झोपलेली पोर! त्यापुढच्या दोन महिन्यांत मी गल्लीत, स्टँडवर, तिच्या आईच्या दारात उभं राहूनसुद्धा म्हटलं, “तुमची लेक बेइमान निघाली.” तिची आई दारातच खाली बसली.

मग एका वकिलानं सांगितलं, ज्याची फीत त्यानं स्वतः लेखी मागितली तर कॉलेजला द्यावी लागेल. मी अर्ज केला. हेरवाडे सरांनी मान्य केला. त्या दिवशी सन्मती स्टँडवर आली, सगळ्यांदेखत. बंडा आणि बाकीचे तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.

“मामा, तुमची फीत आहे, तुम्हाला मिळेल. एकच ऐका. आधी एकटे बघा. माझ्या खोलीत या, दार लावते, मीही बाहेर थांबते. मग काय ते ठरवा.”

“का? दार लावून बघायला मी काय चोरी केलीय?” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर बघणार. तानाक्कासमोर बघणार. माझं नाव चौकात गेलंय, चौकासमोरच परत येऊ दे.”

“मामा, पाया पडते.”

“पाया कशाला पडतीस? आधी इमान राखायचं होतंस.”

ती गेली. आणि मी इंगळेबाईंना विनंती करून ठाण्यातच बैठक ठरवली. माझ्या हट्टानं.

अपघाताला तीन महिने झाले होते. ठाण्यातल्या मागच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप. खुर्चीत तानाक्का, पाय प्लॅस्टरात, समोर स्टुलावर ठेवलेला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दारात बंडा आणि स्टँडची चौघं. हेरवाडे सर बटणं दाबत होते. सन्मती भिंतीला टेकून उभी, हाताची घडी घातलेली.

फीत सुरू झाली. माझाच चौक, माझ्याच काचेतनं. वरच्या अंगाला लाल आकडा, एक्काहत्तर. आणि चित्रात तो लाल ठिपका, माझी नजर. ठिपका हिंडत होता. एसटीच्या टायरवर गेला, आरशात गेला, एका स्कूटरवाल्या बाईकडं गेला. दारातनं बंडा फिसकन हसला. बत्तीसवर आकडा असताना ठिपका तानाक्काच्या टोपलीवर गेला आणि तिथं चांगला दोन सेकंद थांबला.

“बघा!” मी टेबलावर हात आपटला. “बघतोय का न्हाई मी? सगळीकडं माझं ध्यान हाय!”

आकडा खाली येत होता. वीस. पंधरा. अकरावर ठिपका वर चढला आणि आकड्यावर बसला.

तो परत खाली आला नाही.

नऊवर तानाक्का एसटीच्या पुढनं निघून माझ्या रिक्षासमोर आली. झेप नाही, उडी नाही. चालत. मधोमध येऊन थांबली आणि तोंड माझ्याकडं केलं. दिवसाढवळ्या, काचेच्या मध्यात, लाल लुगड्यातलं सबंध माणूस. सातवर तिनं हातातला कागदाचा कोन जरा वर केला, नेहमी करायची तसा, जाऊ का म्हणून. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. ठिपका तिच्या डोक्यावर, दीड वीत वर, आकड्याला चिकटलेला.

आणि पाचला सबंध चित्र खाली जाऊन वर आलं.

चारला परत.

तीनला परत. चौक, खांब, एसटी, तानाक्का, सगळं एकदम खाली गेलं, वर आलं. कॅमेरा माझ्या नाकावर होता. मान माझी हलत होती. मी मोजत होतो.

तानाक्का हसली. फितीत हसली. पाऊल टाकलं. दोन.

मला पुढचं बघवलं नाही. पण आवाज नव्हता, त्यामुळं कळलंही नाही संपलं कधी.

“परत लावा,” इंगळेबाई म्हणाल्या. सरांनी परत लावलं. पाच, चार, तीन. दारातली माणसं कधी निघून गेली ते मला समजलं नाही.

“मी सांगत हुते न्हवं,” तानाक्का बाईंना म्हणाली, “मान हलीवली म्हणून? मला समद्यांनी खोट्यात काढलं.” मग ती थांबली. पडद्यावर तो ठिपका थिजून उभा होता. तिनं बोट केलं. “ह्यो लाल टिपका काय हाय?”

“ती त्यांची नजर आहे, आक्का,” सन्मती हळू आवाजात म्हणाली.

तानाक्का खुर्चीत पुढं वाकली. “म्हंजे मान मला हलीवली न्हाई? त्या आकड्याला हलीवली?”

उत्तर मी द्यायला पाहिजे होतं.

“आक्का,” मी म्हटलं, “मला खरंच वाटलं…”

“गप.” तिनं तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड केलं. “तीन म्हैनं पडून मी इचार करत हुते, भावानं का घातली? शेगडीवरनं वाजलं ते त्याच्या मनात ऱ्हायलं का? माझंच चुकलं का? राग आला आसंल, म्हटलं. पर राग काढायलाबी समोर माणूस दिसायला लागतंय, सर्जा. तुला मी दिसलेच न्हाई. तेरा वर्सं मी तितं हुबी हाय रं.”

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

मी माझा जबाब बदलला. मी तिला पाहिलं नाही, माझी नजर आकड्यावर होती, सिग्नल सुटायच्या आत मी रिक्षा सोडली, असं लिहून खाली सही केली. ह्या वेळी वाचून केली. जेल टळली. लायसन सहा महिने गेलं, बिल्ला जमा झाला. दोन्ही पुढं परत मिळालं. कोर्टानं ठोठावलेला दंड भरला. त्याचं मला काही वाटलं नाही.

ठाण्याबाहेर सन्मती स्कूटरला किल्ली लावत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“सनू, तुला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं?”

“पहिल्या रात्री बघितली मी.”

“मग माझ्या तोंडावर का नाही मारलंस, की गाढवा, तुझंच चुकलंय?”

“कसं सांगू मामा? तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला खरंच तसं आठवत होतं.” तिनं हेल्मेट घातलं. “आणि मी शब्द दिला होता, कुणी बघणार नाही म्हणून.”

मी तिच्या आईच्या दारात जाऊन माफी मागितली. आईनं चहा दिला, बसायला सांगितलं, पण पूर्वीसारखं बोलली नाही. दीड वर्षानं सन्मतीचा प्रबंध पुरा झाला. एक प्रत तिनं स्टँडवर आणून दिली. इंग्रजीत होता, म्हणून तिनंच वाचून दाखवलं. वीस चालकांपैकी चौदा जणांची नजर शेवटच्या दहा सेकंदांत आकड्यावरनं हलली नव्हती. चौदांत मी होतो. पण त्या एका दिवसाची फीत तिनं पुस्तकात कुठंच घेतली नव्हती. अपघाताचा शब्द नाही. चालक क्रमांक सात, वय चव्वेचाळीस, अनुभव एकवीस वर्षे. एवढंच. ज्या पोरीला मी गावभर बेइमान म्हटलं तिनं माझं नाव शेवटपर्यंत झाकून ठेवलं होतं.

ठाण्यातल्या त्या बैठकीनंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी अंघोळ करून, टोपी घालून मागच्या सीटवर बसलो. दुपारपर्यंत बसलो. बंडा दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, “ऊठ आता.” त्या दिवसापासनं स्टँडवर चहाची पैज कुणी लावली नाही.

तानाक्का चौकात परत आली. डावा पाय जरा ओढते, पण शेंगा विकते. मीही विकत घेतो. पैसे घेते, कोन देते, “बरं हाय का” म्हणते. रागानं नाही. परक्याला म्हणतात तसं.

आता मी लाल दिव्याला इंजिन बंद करतो ते हिरवा पडल्याशिवाय चालू करत नाही. वाकत नाही. आकडा मला दिसतच नाही. मागचे हॉर्न मारतात, आयमाय काढतात, काढू देत. मी रस्त्याकडं बघतो. तानाक्का गाड्यांमधनं फिरत फिरत एसटीच्या पुढनं निघते आणि माझ्या रिक्षासमोर येते. पलीकडं जायला दुसरी वाटच नाही. मी तिच्या डोळ्यांत बघतो. हँडलवरचे दोन्ही हात वर उचलून दाखवतो. मान हलवतो, ‘जा’ म्हणून.

ती जात नाही. टोपली कमरेवर सावरते, मागं वळते आणि आकडा बघते.